३५ कुठून आले?

दिवाळीच्या आधी माळा आवरायचा, हा आमच्या घरातला नियम. मी तो दरवर्षी काहीतरी कारण काढून टाळतो. यंदा बायकोने स्टूल आणून माझ्यासमोर ठेवलं आणि काही न बोलता निघून गेली, तेव्हा चढावंच लागलं. बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं, त्याला विषय तिथे वर सापडला.

जुना टेबल फॅन, आहेरात आलेल्या स्टीलच्या भांड्यांचा खोका, बाबांच्या कारखान्यातल्या डायऱ्या आणि या सगळ्याच्या खाली दबलेलं माझं ‘ब्लॅक बुक’.

मुंबई विद्यापीठातून इंजिनिअरिंग केलेल्यांना हे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. (इतर म्हणजे मुख्यतः आमची आत्या. ती माझं सगळं वाचते आणि मग फोन करून ‘त्यातलं निम्मं कळलं नाही हो’ असं कळवते.) शेवटच्या वर्षी तीन-चार मुलांच्या गटाने मिळून एक प्रोजेक्ट करायचा असतो. त्याचा अहवाल काळ्या पुठ्ठ्यात बांधून घ्यायचा आणि वर सोनेरी अक्षरांत विषय, मुलांची नावं, कॉलेज, वर्ष. म्हणून ते ब्लॅक बुक. आमच्यावर होतं ‘रक्तपेढी व्यवस्थापन प्रणाली, १९९९-२०००’. अर्थात इंग्रजीत. शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक कागदी पाकीट चिकटवलेलं आणि त्यात फ्लॉपी. आता घरात ती घालायला कुठे फटसुद्धा नाही.

धूळ झटकत खाली उतरलो तर भाचा आलेला. ताई राहते कल्याणला, पण भाच्याचं कॉलेज आमच्या बाजूला असल्यामुळे आठवड्यातून दोनदा तो कोलशेतला आमच्याकडेच जेवतो. तोही आता शेवटच्या वर्षाला आहे. त्याने ते पुस्तक हातात घेतलं, चाळलं आणि म्हणाला, “मामा, हे सगळं टाइप केलं होतंत?”

“मग काय? तुमचं काय चाललंय? विषय ठरला का?”

“विषय ठरलाय. प्रोजेक्ट पण मिळतोय.”

मिळतोय म्हणजे? तर म्हणे एकजण आहे, तो देतो. बारा हजार. चौघांत तीन-तीन हजार. सोर्स कोड, अहवाल, प्रेझेंटेशन, शिवाय व्हायवाला काय विचारतील त्याची उत्तरंसुद्धा. इतक्या सहजपणे सांगितलं त्याने, जणू डबेवाल्याचं बोलतोय.

मी अर्थातच भडकलो. आमच्या वेळी असं नव्हतं, आम्ही रात्र रात्र जागायचो, वगैरे सगळं बोलून झालं. तो ऐकून घेत होता. मग त्याने शांतपणे विचारलं, “मामा, यातलं तुमच्या गटाने स्वतः किती लिहिलं होतं?”

मी म्हटलं, “जेवायला बस आधी.”

*

आता खरं काय झालं होतं ते लिहितो. ताईलाही हे माहीत नाही.

आमचा एक सीनियर होता. डोंबिवलीचा. आमच्याहून दोन वर्षांनी पुढे. विषय आम्हीच निवडला होता, पण जानेवारी उजाडला तरी आमच्याकडे दोन फॉर्म आणि एक लाल थेंबाचं चित्र यापलीकडे काही नव्हतं. मार्चात सबमिशन. कोणीतरी सांगितलं की या सीनियरने रक्तपेढीवरच काहीतरी केलं होतं. एका रविवारी आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने पोहे केले. त्याने चार फ्लॉपी काढून दिल्या. व्हिज्युअल बेसिक आणि अ‍ॅक्सेस, त्या काळातली ठरलेली जोडी. दोन तास बसून त्याने सगळं समजावलं. आम्ही माना डोलावल्या. निघताना म्हणाला, “अडलं तर फोन करा. आणि पुढच्यांना पण द्या.”

आम्ही घरी आलो आणि पहिलं काम काय केलं असेल? प्रत्येक फाइलच्या वर त्याचं नाव आणि वर्ष लिहिलेलं होतं, ते काढून टाकलं. अठरा-वीस फाइली असतील. एक एक उघडून. त्यात एका रात्रीचं जागरण झालं, म्हणजे जागरणाबद्दल मी भाच्याला अगदीच खोटं बोललो नव्हतो.

मग रंग बदलले, बटणं इकडची तिकडे केली, एक अहवाल छापायची सोय जोडली. ती मात्र आमची होती.

व्हायवाला बाहेरचे परीक्षक आले होते. शांत गृहस्थ. त्यांनी स्क्रीनवर कोड वर-खाली केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे रक्ताच्या पिशवीच्या तारखेत ३५ मिळवले होते. “हे ३५ कुठून आले?”

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी मी म्हणालो, “सर, ते स्टँडर्ड आहे.”

“कोणाचं स्टँडर्ड?”

यावर काही उत्तर नव्हतं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि पुढचं पान उलटलं. आम्ही पास झालो. मार्कही बरे पडले. ब्लॅक बुकात आभाराचं पान आहे, त्यात प्राचार्य आहेत, विभागप्रमुख आहेत, गाइड आहेत, लॅबचे शिपाई आहेत, आईवडील आहेत. डोंबिवलीचा सीनियर नाही.

*

दुपारी बाबा खोलीतून बाहेर आले. त्यांना त्यांच्या डायऱ्या हव्या होत्या. बाबा नोकरीभर इथेच कोलशेत रोडवर रंग बनवणाऱ्या कारखान्यात होते. आता या बाजूला टॉवरच टॉवर झालेत, पण एकेकाळी हा पट्टा रसायनांच्या कारखान्यांचा होता. इथल्या एका पोस्टाचं नावच मुळी सँडोझ बाग होतं. खाडीकडून वारा आला की नाकाला कळायचं. आमचं लहानपण त्या वासात गेलं. भाच्याला तो वास माहीत नाही, त्याला कोलशेत म्हणजे मॉल आणि ट्रॅफिक.

भाच्याने एक डायरी उघडली आणि विचारलं, “आजोबा, हे काय लिहिलंय?”

बाबांना कोणी कारखान्याबद्दल विचारलं की त्यांचं वय वीस वर्षांनी कमी होतं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. अ‍ॅझो रंग करताना पहिल्या पायरीला मिश्रण थंड ठेवावं लागतं, शून्य ते पाच अंश. त्यासाठी बर्फ टाकायचा. तापमान वर गेलं की माल बिघडतो, रंगाची छटा फिरते. म्हणून प्रत्येक बॅचची नोंद शिफ्टच्या लॉगबुकात. किती वाजता काय टाकलं, तापमान किती, कोणी टाकलं. नेहमीपेक्षा वेगळं काही केलं असेल तर ते का केलं हेही लिहायचं. ‘बर्फ उशिरा आला, तापमान ७ वर गेलं, म्हणून आम्ल हळू सोडलं.’ खाली सही. पुढच्या शिफ्टवाल्याने आधी ते वाचायचं, सही करायची, मग कामाला हात लावायचा.

“आणि चूक लिहिली गेली तर?”

“खोडायचं नाही. पेनानेच लिहायचं. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर काय ते लिहायचं, सही आणि तारीख.”

भाचा माझ्याकडे बघून हसला. “मामा, हे तर गिट आहे!”

आत्या, आता जरा नीट वाच. गिट म्हणजे कोडचं शिफ्ट लॉगबुक. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने ते लिहिलं. लिनक्स हा त्याचा प्रकल्प, जगभरातले हजारो लोक त्यात भर घालणार. तोवर ते लोक बिटकीपर नावाची एका कंपनीची प्रणाली फुकट वापरत होते. कंपनीने ती फुकट सवलत काढून घेतली, तेव्हा याने स्वतःचीच प्रणाली बनवली. कोडमध्ये बदल केला की तो बदल, करणाऱ्याचं नाव, वेळ आणि का केला याची एक ओळ, असं सगळं एकत्र नोंदलं जातं. जुनं पुसलं जात नाही, नव्याखाली राहतं. एखादी ओळ शेवटची कोणी बदलली हे विचारायची एक आज्ञा आहे, तिचं नाव ‘ब्लेम’. नाव दोष देण्याचं, पण खरा उपयोग कोणाला विचारायचं हे कळण्याचा. ती सोय आमच्या प्रोजेक्टवर असती तर ३५ च्या ओळीपुढे डोंबिवलीचं नाव आलं असतं.

गिट स्वतःच्या मशीनवर चालतं. पण चौघांनी, चाळीसांनी मिळून काम करायचं तर सगळ्यांना पोचता येईल अशी एक जागा लागते. तशी सर्वांत मोठी जागा म्हणजे गिटहब, २००८ साली सुरू झालेलं आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घेतलेलं. भाच्याचं खातं तिथे आहे. त्याच्या सगळ्या मित्रांचं आहे.

“मग तिथे शोधा की रक्तपेढी,” मी म्हटलं.

त्याने शोधून दाखवलं. ढिगाने सापडल्या! पण कोणत्या कॉलेजातली, कोणत्या वर्षी, चालते का, कोणी तपासली का, यातलं बहुतेकांवर काही नव्हतं. बऱ्याच ठिकाणी एकाच दिवशी सगळ्या फाइली एकदम चढवलेल्या, आणि नोंदीच्या जागी नुसतं ‘फायनल’. म्हणजे लॉगबुक आहे, पण शिफ्ट संपल्यावर एका बैठकीत भरून टाकलेलं. बाबांनी असल्या शिफ्टवाल्याला उभा केला असता.

*

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढा त्याचा पसारा. आमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर बाळकुमला त्याचं ठाण्याचं उपकेंद्र आहे. या सगळ्या भागात दरवर्षी हजारो मुलं शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट करतात. विषय फिरून फिरून तेच: रक्तपेढी, ग्रंथालय, हजेरी, हॉस्पिटल. आता त्यांच्या जोडीला एखादं मशीन लर्निंग. कल्याणच्या मुलांनी काय केलं ते वाशीला माहीत नाही, वाशीचं रत्नागिरीला नाही. इतकंच काय, त्याच कॉलेजात मागल्या वर्षी काय झालं ते यंदाच्या मुलांना माहीत नसतं. ब्लॅक बुकं कपाटात जातात, कपाट भरलं की रद्दीत. आणि माहीत असतं ते फक्त त्या बारा हजारवाल्याला. सगळ्या जिल्ह्यांचा एकत्र साठा आजच्या घडीला कोणाकडे असेल तर तो त्याच्याकडेच!

एकत्र साठा करणं अशक्य आहे असंही नाही. पीएचडीच्या प्रबंधांचं आपण हे केलेलंच आहे. यूजीसीने २००९ च्या नियमांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने शोधगंगा उभी केली. आज देशभरातले प्रबंध तिथे कोणीही उघडून वाचू शकतो. त्याच संस्थेची इन्फेड नावाची व्यवस्था आहे, तिच्यातून विद्यार्थी आपल्या कॉलेजच्याच ओळखीने बाहेरच्या सेवा वापरू शकतो. म्हणजे दार आहे, चावी आहे, फक्त कोडसाठी खोली नाही.

आणि मुलांचा कोड गोळा करून, तपासून, त्यांच्या नावाने मांडता येतो हेसुद्धा इथेच, पवईला सिद्ध झालंय. आयआयटी मुंबईत कन्नन मौद्गल्य सरांच्या पुढाकाराने फॉसी नावाचा प्रकल्प चालू झाला, केंद्र सरकारच्या शिक्षणासाठीच्या तंत्रज्ञान मोहिमेच्या पैशावर. त्यात एक गंमतीचं काम आहे. एखादं नावाजलेलं पाठ्यपुस्तक घ्यायचं आणि त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या मुक्त प्रणालीत लिहून काढायची. कुठल्याही कॉलेजची मुलं हे करू शकतात. कोड तपासला जातो, पसंत पडला की मुलाला मानधन आणि प्रमाणपत्र, आणि कोड सगळ्यांसाठी खुला, करणाऱ्याच्या आणि त्याच्या कॉलेजच्या नावासकट. अशी शेकडो पुस्तकं झाली आहेत. लहान गावातल्या कॉलेजचं नाव तिथे मोठ्या कॉलेजच्या शेजारी दिसतं, हे मला फार आवडलं.

बाहेरच्या देशात विद्यापीठांनी मिळून अशी जागा चालवल्याचीही उदाहरणं आहेत. जर्मनीत आखेनच्या तंत्रविद्यापीठाने गिटलॅब ही प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर बसवली आणि आपल्या राज्यातल्या इतर विद्यापीठांनाही वापरायला दिली. त्यांच्या राज्याचं नाव नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया. प्रत्येकाने आपापला सर्व्हर, आपापला माणूस आणि आपापली डोकेदुखी पाळण्यापेक्षा एकाने नीट चालवावं आणि बाकीच्यांनी आपल्याच विद्यापीठाच्या नाव-पासवर्डने आत यावं, एवढा साधा हिशोब. आपल्याकडे सोसायटीची टाकी असते तसं.

“पण मामा, गिटहब आहे ना फुकट?” भाचा. बरोबर आहे त्याचं. पण गूगल कोड हेही फुकट होतं आणि गूगलसारख्यांचं होतं. ते २०१६ च्या जानेवारीत बंद झालं. गिटोरियस २०१५ मध्ये बंद झालं. तिथला बराच कोड वाचला, कारण फ्रान्सच्या इन्रियाने २०१६ मध्ये जगासमोर आणलेल्या सॉफ्टवेअर हेरिटेज या साठ्यात तो उतरवून घेतला गेला. दुसरी आठवण आपल्याच घरची. २०१४ च्या डिसेंबरअखेर सरकारी आदेशाने ३२ संकेतस्थळं अडवली होती. त्यात सोर्सफोर्ज होतं आणि गिटहबचा एक भागही होता. थोड्या दिवसांत ती मोकळी होत गेली, पण मी तेव्हा एका कामाच्या मध्यात होतो आणि तो नववर्षाचा आठवडा मला चांगला लक्षात आहे. मुलांनी गिटहब वापरावं, जरूर वापरावं. पण विद्यापीठाच्या परीक्षेचं काम कुठे नोंदलं गेलं याचं उत्तर परक्या कंपनीच्या मर्जीवर असू नये, इतकंच.

*

आता याची दुसरी बाजू. एका प्राध्यापक मैत्रिणीशी बोललो. ती हसली. म्हणाली, “अरे, सगळं उघडं ठेवलं तर पुढच्या वर्षीची मुलं तेच उचलून आणतील.”

मी म्हटलं, आत्ता नाही आणत?

ती गप्प झाली. मग म्हणाली, “आणतात. पण आत्ता मला कळत नाही, त्यामुळे सही करता येते.”

हे तिने गमतीत म्हटलं, तरी गमतीचं नव्हतं. साठ मुलं, पंधरा गट, त्यात तिचे चार विषय शिकवायचे, शिवाय कागदपत्रं. आठवड्याला प्रत्येक गटाच्या नोंदी बघायला वेळ कोण देणार? सर्व्हर कोण बघणार, बॅकअप कोण घेणार, अनुदान संपल्यावर वीजबिल कोण भरणार? या प्रश्नांना माझ्याकडे तयार उत्तरं नाहीत. आणि गिटसुद्धा फसवता येतं. स्वतःच्या मशीनवर नाव आणि तारीख हवी ती घालता येते. मात्र सगळ्यांच्या सामाईक जागी ते कधी येऊन पोचलं याची नोंद तिथला सर्व्हर वेगळी ठेवू शकतो. सप्टेंबरपासून थोडं थोडं वाढलेलं काम आणि मार्चात एका रात्रीत आलेलं काम यांतला फरक तिथे दिसला असता. मुख्य म्हणजे जुनं काम शोधता आलं असतं, आणि ‘आम्ही हे मागल्या वर्षीचं घेतलं, त्यात एवढी भर घातली’ असं मुलांना उजळ माथ्याने लिहिता आलं असतं. आज तसं लिहिलं तर मार्क जातात. मग मुलं दुसरं काय करणार?

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम ही साहित्यकृती धरली आहे. म्हणजे कोणी कोड नुसता उघड्यावर ठेवला म्हणून तो कोणाचाही होत नाही. घ्या, बदला, पण नाव राखा, असा परवाना त्याच्यासोबत लिहावा लागतो. आमच्या सीनियरने तो तोंडी दिला होता, ‘पुढच्यांना पण द्या’ म्हणून. नाव राखा एवढं सांगायची गरज त्याला वाटली नाही.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण कौतुकाने वापरतो. आमच्या कॉलेजांनी कोडच्या बाबतीत मूठ झाकून ठेवली आणि त्यातून लाखाची कमाई केली ती त्या विकणाऱ्याने.

*

त्या रात्री मी सीनियरचा नंबर शोधला. पंचवीस वर्षांत बोललो नव्हतो. जुन्या मित्राच्या मित्राकडून मिळाला. दोन दिवस नुसता बघत होतो. तिसऱ्या दिवशी लावला.

त्याने ओळखलं. अजून डोंबिवलीतच आहे, त्याच घरात, आई मात्र गेली म्हणाला. मी आडवळण न घेता सांगून टाकलं: तुझ्या फाइलींतून तुझं नाव आम्ही काढलं होतं.

तो आधी काही बोलला नाही. मग जोरात हसला. “अरे, मला पण ते उल्हासनगरच्या एकाने दिलं होतं! फॉर्म, लॉगिन, छपाई सगळं त्याचं. त्याचं नाव मी काढलं आणि माझं घातलं. तू निदान माझं तरी काढलंस!”

मीही हसलो. सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे सगळेच तसे, आपण एकटे नाही. आणि मग सहज म्हणून विचारलं, “ते ३५ पण त्याचंच होतं का?”

“कुठलं ३५?”

“तारखेत ३५ मिळवले होते बघ.”

आता तो हसत नव्हता. “ते माझं होतं,” म्हणाला. “त्याच्या प्रोग्रॅममध्ये पिशवी कधी बाद होते हे नव्हतंच. मी स्टेशनजवळच्या रक्तपेढीत दोन दुपारी जाऊन बसलो होतो. तिथल्या बाईंनी सांगितलं, पिशवीत जे द्रव्य घालतात त्याने अख्खं रक्त ३५ दिवस टिकतं, मग फेकायचं. त्यांनी मला फेकायच्या पिशव्यांचा ढीग दाखवला. जुनी आधी वापरली गेली नाही म्हणून वाया गेलेल्या. ते बघून मी ते लिहिलं. माझं एवढंच होतं त्यात.”

अठरा-वीस फाइलींत त्याची स्वतःची अशी ती एक गोष्ट होती. परीक्षकांनी नेमकं तिच्यावर बोट ठेवलं होतं आणि मी म्हणालो होतो, स्टँडर्ड आहे.

मी माफी मागितली. तो ‘सोड रे, एवढं काय’ म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “उल्हासनगरवाल्याचं आडनावसुद्धा आठवत नाही आता.”

*

भाच्याने प्रोजेक्ट विकत घेतला नाही. माझ्या उपदेशाने नव्हे. त्याला हा फोनचा किस्सा सांगितला, तो ऐकून त्याने गटातल्या तिघांना आमच्या घरी आणलं. पोहे आमच्याकडेही झाले. रक्तपेढीच घेतायत. त्यांच्यातल्या एका मुलीने वाचून काढलंय की आता रक्ताचे घटक वेगळे करतात आणि लाल पेशी योग्य द्रावणात ४२ दिवसही टिकतात, त्यामुळे एकच ३५ सगळीकडे चालणार नाही. मला हे माहीत नव्हतं. आता ती रक्तपेढीत जाऊन विचारणार आहे. सामाईक जागा नाही म्हणून तूर्त गिटहबवरच चाललंय, पण पहिल्या दिवसापासून नोंदी करतायत. बाबा मध्ये मध्ये जाऊन ‘का केलं ते लिहिलंत का?’ विचारतात. पहिल्या फाइलीत त्यांनी मूळ कल्पना कोणाची ते लिहिलंय. सीनियरला विचारून त्याचं नाव घातलंय आणि त्याच्या वर ‘उल्हासनगरचा एक विद्यार्थी, नाव आता माहीत नाही’ असं.

हे चौघं पास होऊन गेले की पुढच्यांना ते सापडेल का? खाती बदलतात, पासवर्ड विसरतात. बाळकुमचं उपकेंद्र माझ्या खिडकीतून दिसत नाही, पण त्या बाजूला बघितलं की वाटतं, तिथे एक साधा सर्व्हर असावा आणि सगळ्या जिल्ह्यांतल्या मुलांनी आपापली शिफ्ट संपताना त्यात लिहून जावं. कणकवलीच्या मुलीने पुढल्या वर्षी ४२ ची ओळ वाचावी आणि खाली सही करून कामाला हात लावावा.

ब्लॅक बुक मी परत माळ्यावर ठेवलं नाही. आभाराचं पान उघडलं. खूप वेळ काय करावं कळेना. मग बाबांकडून पेन घेतलं, शेवटच्या ओळीवर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला त्याचं नाव लिहिलं. सही केली, तारीख घातली. आजची.

असो. माळा अजून अर्धाच आवरून झालाय आणि स्टूल तिथेच आहे.